कधीचं काढेल होय?

आमच्या घरात हजार रुपयांच्या वरची कुठलीही वस्तू आली की तिला आधी हळदीकुंकू लागतं. मोटारसायकलला लागलं, कूलरला लागलं, मिक्सरलाही लागलं. तेलाच्या बाटलीवर मात्र ही वेळ यंदा मे महिन्यात पहिल्यांदाच आली. अर्ध्या लिटरची बाटली, काळपट हिरवी काच, गळ्यात सोनेरी दोऱ्यानं बांधलेलं चिठोरं आणि किंमत अडीच हजार रुपये. बायकोनं कुंकवात बोट बुडवलं, बाटलीपर्यंत नेलं आणि थांबली. म्हणाली, "अहो, हे खायचंच आहे ना?"

बाटली कशी आली हे सांगायचं तर डॉक्टरांपासून सुरुवात करावी लागेल. माझा रक्ताचा रिपोर्ट पाहून ते म्हणाले, "तेल कमी करा." मी घरी येऊन सांगितलं, "तेलाचं काहीतरी बघा म्हणाले." बायकोनं पुण्याला लेकीला फोन केला, "तेल बदला म्हणाले." लेकीनं जावयाला सांगेपर्यंत त्याचं "चांगलं तेल खा म्हणाले" झालं, आणि आठव्या दिवशी अमरावतीत शेगाव नाक्याजवळच्या आमच्या घरासमोर कुरिअरवाला उभा. 'कमी करा'चं 'चांगलं खा' व्हायला चार तोंडं पुरली. आरोग्याच्या नावानं जगात जे काही महाग विकलं जातं, ते बहुतेक याच चार तोंडांच्या मधल्या जागेत विकलं जात असावं.

अर्धा लिटर तेल म्हणजे किती, हे वऱ्हाडाबाहेरच्या माणसाला विचारू नये. आमच्याकडे तेल पंधरा किलोच्या डब्यानं येतं आणि पळीनं खर्ची पडतं. भाजी झाली की नाही हे शिजण्यावरून ठरत नाही, वर तेल आलं की नाही यावरून ठरतं. गोळाभात केला की भातावर ओतायला फोडणीच्या तेलाची वेगळी वाटी लागते, आणि ती वाटी परत स्वयंपाकघरात भरायला गेली नाही तर पाहुणे आजारी आहेत असं समजतात. शेतातल्या रोडग्यांच्या पंगतीत वांग्याच्या भाजीचा जो गंज चढतो, त्याला ही आख्खी बाटली म्हणजे फोडणीची नुसती प्रस्तावना.

मी जिल्हा परिषदेत बत्तीस वर्षं हिशेब तपासले. कागद हातात आला की आक्षेप काढल्याशिवाय माझा हात खाली जात नाही. बाटलीचं लेबलही मी त्याच तयारीनं वाचायला घेतलं.

आक्षेप पहिला: 'कोलेस्टेरॉलमुक्त'. कोलेस्टेरॉल असतं तुपात, अंड्यात, मटणात. झाडाच्या बियांच्या वा फळांच्या तेलात ते असायचं कारणच नाही. म्हणजे केळ्यावर 'यात हाडं नाहीत' असं छापण्यापैकी प्रकार. कॅलरीचंही तेच. फल्लीचं म्हणजे शेंगदाण्याचं तेल असो, सरकीचं असो की स्पेनचं, एका ग्रॅमला ९ कॅलरी. याबाबतीत परमेश्वरानं सगळ्या तेलांना एकच वेतनश्रेणी दिलेली आहे.

दुसरा आक्षेप काढायला बाजारात गेलो. तिथं ऑलिव्हच्या तेलाचीच एक अख्खी फळी. एका बाटलीवर 'लाइट' लिहिलेलं. हे लाइट म्हणजे पोटाला हलकं नव्हे. रिफाइन करून चव आणि रंग फिका केलेलं, एवढाच त्याचा अर्थ. दुसऱ्या स्वस्त डब्यावर 'पोमेस'. ऑलिव्ह पिळून तेल निघाल्यावर जो चोथा उरतो, त्याला रसायन लावून काढलेलं हे तेल. आमच्याकडे सरकीची ढेप उरते, ती म्हशीपुढं जाते. त्यांच्या ढेपीतून निघालेलं तेल सातासमुद्रापलीकडून येऊन आपल्या पास्त्यात जातं, आणि पास्ता खाणारा म्हशीपेक्षा पातळ व्हायची वाट पाहतो.

आमच्या बाटलीवर मात्र 'एक्स्ट्रा व्हर्जिन' होतं. याचा अर्थ काय, असं बायकोनं विचारलं तेव्हा मी चष्मा पुसायला घेतला. ताजं फळ नुसतं दळून, बाहेरची उष्णता आणि रसायन न लावता काढलेलं तेल. त्यातलं मोकळं आम्ल शंभर ग्रॅमला ०.८ ग्रॅमच्या वर नको; आणि चाखणाऱ्या तज्ज्ञांच्या पथकाला त्यात एकही दोष सापडता कामा नये, असा दंडक आहे. या तेलाची एक आंतरराष्ट्रीय परिषदच आहे, १९५९ साली स्थापन झालेली, मुक्काम माद्रिद. एवढं सगळं फोडणी करपायच्या आत कसं सांगावं? शेवटी मायबोलीनं हात दिला. म्हटलं, "पहिल्या धारेचं."

तिला एकदम कळलं. जरा जास्तच कळलं. गॅस बारीक करून म्हणाली, "आणि डॉक्टर म्हणाले हे घ्यायला?"

आता ऑलिव्हचं तेल आमच्या घराला अगदीच अनोळखी होतं असं नाही. लेक झाली तेव्हा औषधाच्या दुकानातून फिगारोचा चपटा डबा आणला होता. बाळाच्या मालिशसाठी. अमरावतीत तेल अंगाला लावण्याचीही मोठी परंपरा आहे. हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासूनचं. त्यांचा चमू १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी आपले देशी खेळ जगाला दाखवून आला. आमच्या आळीतली निम्मी पोरं एके काळी मल्लखांबावर लोंबकळायची. त्यामुळं तेलांची वाटणी घराघरांत ठरलेली होती: मल्लखांबाला एरंडेल, डोक्याला खोबरेल, पोटाला फल्ली, आणि ऑलिव्ह फक्त एक वर्षाच्या आतल्या इसमाला. तोही ते तेल बाहेरून घ्यायचा. आता तीच लेक मोठी होऊन मला सांगत होती की बाबा, ते आतून घ्या.

चिठोऱ्यावर एक सूचना होती. तेल घशाखाली उतरताना झोंबलं किंवा ठसका लागला तर घाबरू नये, ती उत्तम तेलाची खूण आहे. मी ही सूचना दोनदा वाचली. वऱ्हाडात मिरचीच्या फोडणीनं चार घरांपलीकडच्या माणसाला ठसका लागतो, आणि तो फुकट लागतो. इथं तोच ठसका अडीच हजारांचा.

पण यात खरोखर शास्त्र आहे. फिलाडेल्फियाच्या मोनेल संस्थेतले एक शास्त्रज्ञ १९९९ मध्ये सिसिलीला एका बैठकीला गेले होते. तिथं ताजं ऑलिव्ह तेल चाखताना त्यांच्या घशाला झोंबलं, आणि ती झोंबण्याची तऱ्हा त्यांना ओळखीची वाटली. पातळ आयबुप्रोफेन, म्हणजे आपण दुखण्यावर घेतो ते औषध, घशात अगदी तसंच झोंबतं. पुढं त्यांनी आणि सहकाऱ्यांनी झोंबणारं ते द्रव्य शोधून काढलं, त्याला 'ओलिओकँथाल' नाव दिलं आणि २००५ मध्ये 'नेचर'मध्ये छापलं. ते द्रव्य शरीरातला दाह आयबुप्रोफेनच्याच वाटेनं अडवतं. रोज ५० ग्रॅम तेल घेतलं तर औषधाच्या मात्रेच्या साधारण दहा टक्के काम होतं, असा त्यांचा हिशेब.

हिशेब म्हटल्यावर मी कॅल्क्युलेटर काढला. पन्नास ग्रॅमला दहा टक्के, म्हणजे पुऱ्या मात्रेला अर्धा किलो. माझ्या बाटलीत तेवढंही नाही. ५०० मिलिलिटर तेल वजनाला साडेचारशे ग्रॅमच्या आसपास भरतं. म्हणजे आख्खी बाटली तोंडाला लावून रिकामी केली तरी एका दिवसाचा औषधोपचार पुरा व्हायचा नाही, आणि पोटात जातील चार हजारांवर कॅलरी. डोकेदुखी थांबेल की नाही सांगता येत नाही, पण बाकीचं बरंच काही थांबेल. अर्थात शास्त्रज्ञांचं म्हणणं तसं नव्हतंच. वर्षानुवर्षं थोडं थोडं पोटात गेलं तर फायदा होत असावा, एवढंच ते सुचवत होते. चिठोरं छापणाऱ्याला मात्र 'असावा' हा शब्द बसवायला जागा उरली नसावी.

दुसरा हिशेब युरोपातल्या कायद्याचा. २०१२ पासून तिथं नियम आहे की ऑलिव्हच्या तेलातली कडवट द्रव्यं, हायड्रॉक्सिटायरोसॉल आणि त्याची भावंडं, २० ग्रॅम तेलात किमान ५ मिलिग्रॅम असतील, तरच 'रक्तातल्या चरबीला ऑक्सिडीकरणापासून जपतं' असं बाटलीवर म्हणता येतं; आणि हा गुण रोज २० ग्रॅम घेतलं तरच येतो, हेही सांगावं लागतं. रोज २० ग्रॅम म्हणजे माझी बाटली तेवीस दिवसांत खलास. दिवसाला एकशेदहा रुपये. नवरा-बायको दोघांनी घेतलं तर महिन्याला साडेसहा हजार. माझी पेन्शन ठरवताना शासनानं हायड्रॉक्सिटायरोसॉलचा विचार केलेला नाही.

लेक म्हणाली, "बाबा, स्पेनमध्ये सात हजार लोकांवर प्रयोग झालाय." झालाय खरा. हृदयविकाराचा धोका असलेल्या ७,४४७ माणसांवर. निकाल आला २०१३ मध्ये. पुढं माणसं गटांत वाटण्यात काही ठिकाणी चुका झाल्याचं निघालं, म्हणून २०१८ मध्ये तो मागं घेऊन दुरुस्त करून पुन्हा छापला. तरी निष्कर्ष बराचसा तोच राहिला: भाज्या, डाळी, मासे असा तिकडचा आहार आणि त्यावर भरपूर एक्स्ट्रा व्हर्जिन तेल घेणाऱ्यांत हृदयविकार आणि पक्षाघाताचं प्रमाण कमी. तेलाऐवजी रोज मूठभर बदाम-अक्रोड खाणाऱ्या गटातही कमी. मी एवढं सगळं मान्य केलं. फक्त एक बारीक नोंद मला त्यात सापडली. तेलाच्या गटातल्या प्रत्येक घराला आठवड्याला एक लिटर तेल फुकट मिळत होतं. आठवड्याला लिटरभर तेल फुकट येत असेल तर माझ्याही काळजाला आराम पडेल. त्याला स्पेनच कशाला पाहिजे?

इतका अभ्यास होईपर्यंत बाटली बंदच होती. महाग वस्तूचा हाही एक गुण आहे, ती वापरवत नाही. बायकोनं ती पाहुण्यांसाठी राखून ठेवली. पण पाहुण्यांना तेल देतात कसं? चहाबरोबर? मग ती काचेच्या कपाटात गेली, चांगल्या कपबशांच्या शेजारी. तिथं दुपारचं ऊन यायचं. चिठोऱ्यावर 'थंड आणि अंधाऱ्या जागी ठेवावे' असं होतं, आणि मे महिन्यात पारा ४४ वर. अशा वेळी आमच्या घरात थंड जागा एकच: कूलरच्या तोंडासमोर. त्यामुळं आठवडाभर रात्री बाटली कूलरसमोर आणि आम्ही दोघं गच्चीवर, अशी झोपायची व्यवस्था झाली.

शेवटी मी म्हटलं, हे आपल्या अकलेबाहेरचं काम आहे. अकोल्याला साडूभाऊंकडे जाऊ. साडूभाऊंची सगळी नोकरी डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात गेली, तीही तेलबियांत. शिवाय सासूबाई त्यांच्याकडेच असतात, त्यांचीही भेट होईल.

अमरावती ते अकोला शंभराच्या आतबाहेर किलोमीटर. याच रस्त्यावर २०२२ च्या जूनमध्ये १०५ तास ३३ मिनिटांत सलग ७५ किलोमीटर डांबरी थर टाकून लोकांनी गिनीज बुकात नाव घातलं. डांबर म्हणजे तरी काय, खनिज तेलाचा गाळच. वऱ्हाडी माणसानं ओतायचं मनावर घेतलं की हात आखडत नाही, याची जगानं घेतलेली ही नोंद. त्या रस्त्यानं बायको मांडीवर ओल्या दुपट्ट्यात गुंडाळलेली बाटली घेऊन बसली होती. मूर्तिजापूरला चहाला थांबलो तेव्हा हॉटेलवाल्यानं विचारलं, "किती महिन्याचं हाय जी लेकरू?"

अकोल्यात साडूभाऊंनी शेगावहून आणलेली कचोरी पुढं ठेवली. मी माझा रिपोर्ट सांगितला आणि दुसरी कचोरी घेतली. सासूबाई पलंगावर बसल्या होत्या. वय पंच्याऐंशी, डोळ्यांत मोतीबिंदू, बाकी सगळं शाबूत. त्यांनी विचारलं, "काय आणलं जवाईबापू?"

"ऑलिव्हचं तेल, आई."

"अळिवाचं? अळिवाचे त लाडू करतेत बाळंतिणीले. तेल कोन काढते त्याचं?"

मी समजावून सांगितलं. झाड वेगळं, फळ वेगळं, देश वेगळा. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "बरं. अन् हे अळिवाचं तेल कितीले पडलं?" किंमत ऐकल्यावर त्यांनी साडूभाऊंकडे पाहिलं. दोन जावयांची तुलना करायची संधी त्यांनी आयुष्यात कधी सोडलेली नाही.

साडूभाऊ मात्र खुलले. त्यांनी सांगितलं की खरे तज्ज्ञ निळ्या काचेच्या पेल्यातून तेल चाखतात, म्हणजे रंग पाहून मन फसत नाही. पेला हातात धरून तेल २८ अंशांपर्यंत कोमट करतात, वास घेतात, मग घोट तोंडात घेऊन दातांतून हवा ओढतात. फळाचा वास, कडूपणा आणि तिखटपणा हे तीन गुण. खवटपणा, आंबूसपणा, कुबटपणा हे दोष. आम्ही लगेच तयारीला लागलो. निळी काच नव्हती, स्टीलच्या वाट्या घेतल्या. २८ अंशांची मात्र पंचाईत झाली, कारण अकोल्यात मे महिन्यात तेल २८ अंशांपर्यंत तापवायचं नसतं, निववायचं असतं. वाट्या माठाच्या तिवईखाली ठेवाव्या लागल्या. चार वाट्या: एकीत आमचं ऑलिव्ह, दुसरीत परवाच घाण्यावरून आणलेलं करडीचं, तिसरीत जवसाचं आणि चौथीत पाकिटातलं रिफाइन सोयाबीन.

तेल निवेपर्यंत साडूभाऊंनी वर्ग घेतला. "सरकीचं कच्चं तेल पाह्यलं तुम्ही? काळंभोर राहते. त्यात गॉसिपॉल असते, विषारी. कपाशीनं किड्यांसाठी ठेवेल हाय ते. रिफाइन केल्याबिगर ते खाताच येत नाही. वऱ्हाड पडला कापसाचा मुलूख, गावोगावी सरकी. मंग काय, रिफाइनचीच सवय लागली. रंग नाही, वास नाही, चव नाही, ते चांगलं तेल! घरात करडीच्या तेलाचा वास आला की लोक नाक मुरडाले लागले. अन् आता वास येणारं तेल म्हणून तुम्ही अडीच हजार मोजून राह्यले."

त्यांच्या विद्यापीठाच्या एका करडीच्या वाणाचं नाव 'पीकेव्ही पिंक' आहे. हे नाव स्पेनवाल्यांना सुचलं असतं तर बाटलीचे आणखी पाचशे रुपये वाढले असते. पण करडी पेरणारा शेतकरी आमच्याकडे आता शोधावा लागतो; काटे टोचतात म्हणून मजूर कापायला येत नाहीत, आणि जिकडंतिकडं सोयाबीन. मी विचारलं, "मग आपल्या खारपाणपट्ट्यात हे ऑलिव्हच लावलं तर? राजस्थानात लावलंय म्हणे इस्रायलची मदत घेऊन." साडूभाऊ हसले. "झाड जगते. पण त्याले फूल याले हिवाळ्यात कडक थंडी लागते. अकोल्याची थंडी म्हणजे सकाळी सहा ते आठ. झाड येईन, सावली देईन, फळ नाही द्याचं."

चाचणी सुरू झाली. मी घोट घेऊन दातांतून हवा ओढली आणि मला तज्ज्ञांसारखा ठसका लागला. तेलामुळं नव्हे, श्वासनळीत गेल्यामुळं. बायकोला चारही वाट्या 'तेलासारख्या' लागल्या. मग साडूभाऊ म्हणाले, आईंना देऊ. त्यांना रंग दिसणार नव्हताच, निळ्या काचेचं काम मोतीबिंदूनं केलं होतं.

त्यांनी घोट वगैरे घेतला नाही. पहिल्या वाटीत बोट बुडवून तळहातावर चोळलं, नाकाशी नेलं, जिभेला लावलं.

सोयाबीनला म्हणाल्या, "ह्यात तेल कुठी हाय?"

करडीला म्हणाल्या, "हे या हप्त्यातलं होय." साडूभाऊंनी मान डोलावली.

जवसाला म्हणाल्या, "ठीक हाय. पण चार दिवसांत संपव, नाहीतर दाराच्या चौकटीले लागीन." त्यांच्या म्हणण्यात रसायनशास्त्र पुरेपूर होतं. जवसाच्या तेलात निम्म्याहून अधिक ओमेगा-३. जितकं गुणाचं तितकंच ते हवेत लवकर बिघडतं, वाळतं. म्हणून तर चित्रकार रंगात आणि सुतार लाकडाला तेच वापरतात.

मग आमची बाटली. बोट, तळहात, नाक, जीभ. सगळे श्वास रोखून बसलो. वऱ्हाडातल्या मिरचीवर पंच्याऐंशी वर्षं काढलेल्या त्या घशाला ओलिओकँथालनं काय फरक पडणार? ठसका नाही, डोळ्यांत पाणी नाही. त्यांनी पुन्हा एकदा बोट बुडवलं. म्हणाल्या, "चांगल्या घरचं होय. कडू हाय, पाल्यासारखा वास हाय. पण मांगून जरासं खवट लागते. कधीचं काढेल होय?"

कधीचं काढेल होय! लेबलावरचं आम्ल, प्रमाणपत्रं, पदकं, मी सगळं वाचलं होतं. एवढंच वाचलं नव्हतं. साडूभाऊंनी भिंग आणलं. 'या तारखेआधी वापरावे' ही तारीख ठसठशीत होती आणि ती अजून सहा महिने लांब होती. फळं तोडल्याची तारीख मागच्या बाजूला, बारकोडच्या खाली, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत: गेल्याच्या गेल्या वर्षीचा नोव्हेंबर. दीड वर्ष. त्यात आमच्याकडचा कपाटातल्या उन्हाचा आठवडा वेगळा.

"हेच तर गोम हाय," साडूभाऊ म्हणाले. "ह्या तेलात जे स्निग्ध आम्ल सत्तर टक्के राहते, ते फल्लीतही निम्म्याच्या आसपास राहते. त्याचे अडीच हजार नाहीत. ते जे कडू-तिखट द्रव्य हाय नं, ते फल्लीत नाही, करडीत नाही. त्याचे पैसे हायेत. अन् सगळ्यात आधी तेच कमी होते. उजेडानं, गर्मीनं, अन् नुसतं ठेवल्यानं."

हिशेब तपासनीसाला याहून स्पष्ट आक्षेप कोणी लिहून दिला नसता. ज्या कलमावर खर्च झाला, ते कलमच साठ्यात शिल्लक नाही.

मग माझा अंतिम अहवाल तयार झाला. हे तेल घेण्याजोगं आहे का? आहे, पण फोडणीला नाही. वांग्याच्या भाजीत ते घालणं म्हणजे सनईवाल्याला डीजेपुढं बसवणं. त्याचा वास आणि तो महागडा कडूपणा दोन्ही तिथं वाया. वरून कच्चं घ्यायचं असेल, बाटली लहान असेल, काच गडद असेल, फळं तोडल्याची तारीख वर्षाच्या आतली असेल आणि उघडल्यावर महिन्या-दोन महिन्यांत संपवायची छाती असेल, तर जरूर घ्यावं. तारीख सापडत नसेल तर बाटली फळीवर परत ठेवावी आणि घरी येऊन डॉक्टर खरोखर काय म्हणाले होते ते आठवावं. पाहुण्यांसाठी तर मुळीच राखून ठेवू नये. तेल म्हणजे पैठणी नव्हे.

आमच्या बाटलीचं पुढं काय झालं? सासूबाईंनी संध्याकाळी ज्वारीची गरम भाकर मागितली, जवसाची चटणी मागितली, चटणीत बोटानं खळगा केला आणि म्हणाल्या, "आण ते अळिवाचं." कच्चं तेल, चटणी, कांदा आणि वरून सांबार, म्हणजे कोथिंबीर. ताज्या करडीच्या तेलावर त्या असंच जेवत आल्या होत्या. मग आम्हीही खळगे केले. पाच माणसं, चार जेवणं, आणि बाटली तिसऱ्या दिवशी उपडी. कितीही शिळं असलं तरी, माद्रिदच्या परिषदेनं पाहिलं असतं तर एवढ्या शास्त्रशुद्ध वापराबद्दल आम्हाला एखादं प्रमाणपत्र दिलं असतं. निघताना सासूबाई म्हणाल्या, "जवाईबापू, तेल चांगलं होतं. पुढच्या खेपेले इचारून घेत जा." साडूभाऊंकडे त्यांनी या वेळी पाहिलं नाही. मी ते वाढ मिळाल्यासारखं धरून चाललो.

अमरावतीला आल्यावर दुसऱ्याच दिवशी सकाळी स्वच्छ धुतलेली ती हिरवी बाटली घेऊन लाकडी घाण्यावर गेलो. हल्ली शहरात असे बरेच घाणे पुन्हा सुरू झालेत. बैलाच्या जागी मोटर आहे, बाकी लाकूड तेच, कुरकूर तीच. करडी भरडली जात होती. मी अनुभवी माणसाच्या ऐटीत विचारलं, "का हो, कधीचं काढेल होय?"

घाणेवाल्यानं मान वर केली नाही. "काढूनच राह्यलो नं. दिसत नाही का?"

खरंच, घाण्याच्या तळाशी पिवळी, बारीक, सुतासारखी धार नुकतीच सुटली होती. वास थेट माझ्या लहानपणातून आला. इतकं वाचलेलं, इतकं शिकलेलं, अकोल्यापर्यंत जाऊन आलेलं ते सगळं ज्ञान एकदम घशाशी आलं आणि मी आनंदानं म्हणालो, "म्हणजे अगदी पहिल्या धारेचं!"

त्यानं मोटर बंद केली. मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं, हातातली हिरवी बाटली पाहिली, आजूबाजूला कोणी नाही याची खात्री केली आणि आवाज खाली आणून म्हणाला, "साहेब, वय झालं तुमचं. अन् ते इथं नाही भेटत. नाल्याच्या पल्याड जा."